आत्याने काढलेलं आमचं टेबल

आमची आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. चित्रांचा नाद तिला पन्नाशीनंतर लागला, पण माणसाचा चेहरा काही केल्या तिच्या हाताला येईना. काढायला जावं बाबांना आणि कागदावर उमटावा पोस्टमन! शेवटी तिने माणसं सोडली आणि वस्तूंकडे वळली. "वस्तू बऱ्या बाई," ती म्हणायची, "हलत नाहीत आणि 'मी अशी दिसते का?' म्हणून भांडतही नाहीत."

आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा बाबांनी हट्टच धरला, "ताई, आमच्या सगळ्यांचं एक चित्र काढ." धाकट्या भावाला नाही म्हणणं आत्याला कधी जमलं नव्हतं. रविवारी नाश्ता झाल्यावर तिने आम्हाला उठवलं, "कशाला हात लावू नका" अशी तंबी दिली आणि टेबलासमोर स्टूल टाकून बसली.

चित्र पाहून आम्ही हसत सुटलो. बाबांच्या जागी पावाच्या बशीत पालथा पडलेला चष्मा. माझ्या भावाच्या जागी कडा कुरतडून टाकलेला पाव. माझ्या जागी जॅमची उघडी बरणी. झाकण नेहमीप्रमाणे बेपत्ता.

आई मात्र हसली नाही. तिच्या जागी काठोकाठ भरलेला कप होता, चहावर साय धरलेली.

"म्हणजे मी गार चहा होय, वन्सं?"

आत्या गोरीमोरी झाली. "अगं, समोर होतं ते काढलं. कुणाला मीठ, कुणाला पाणी, तू सारखी उठत होतीस. तो कप तसाच राहिला."

बाबा चित्राजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले.

"रोज असंच होतं का गं?"

"तीस वर्षं," आई म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं.

बाबा तडक स्वयंपाकघरात गेले. त्यांनी केलेला चहा इतका पांचट झाला होता की विचारू नका. पण आईने तो खुर्चीत रेलून, फुंकर घालत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तेव्हापासून सकाळचा चहा बाबांकडे आहे आणि आता तो बरा होतो.

चित्र जेवणाच्या खोलीत लागलं. आल्यागेल्याला त्याची गोष्ट आईच सांगते, तीही तिखटमीठ लावून. आत्या सध्या वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींकडे जाते. त्यांच्या मशीनशेजारची कात्री, रिळं आणि अर्धवट बाही रंगवते आहे. मावशी म्हणतात, चित्राची घाई नाही, गप्पा छान रंगतात.