डाव्या बाजूला आलेले बुडबुडे

नमाजात कपाळ टेकून सजद्यात गेले की माझ्या नाकातून रक्त यायचं. रक्त आलं की वजू, म्हणजे नमाजाआधी धुऊन घेतलेली शुद्धी, तुटतो. पुन्हा हातपाय धुऊन उभी राहायचे, तर जानमाजच्या चटईवर पुन्हा लाल ठिपका. एकदा तिथंच बसून अल्लाहला विचारलं, बोलावतोस तूच आणि दार लावून घेतोस तेही तूच, हा कुठला न्याय? भिगवणला आमच्या कापडाच्या दुकानामागच्या खोलीत विचारलेला तो प्रश्न मला आजही मागे घ्यावासा वाटत नाही.

अम्मीचाही घोळणा आयुष्यभर फुटत राहिला. लोक म्हणायचे, उष्णता आहे, कांदा हुंगवा. ऐन उमेदीत ती अर्धांगानं गेली, तेव्हा तेच लोक म्हणाले, अल्लाहची मर्जी. मला त्या शब्दांची चीड यायची. नीट तपासलं कुणीच नव्हतं, आणि सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळे झाले होते.

मग माझी लेक शबाना. तिचंही नाक तसंच. कॉलेजचा जिना चढला की धाप लागायची, ओठ निळसर पडायचे. एक डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. दुसऱ्यांनी माझ्यासमोर तिला सुनावलं, मुलींना कष्टाची सवय राहिली नाही. त्या दिवशी बारामतीच्या त्या दवाखान्यातून मी शबानाचा हात धरून बाहेर आले. बाकावर बसतो न बसतो तोच शबानाचं नाक वाहू लागलं.

शेजारी कन्हेरीच्या एक बाई बसल्या होत्या. गुडघ्याच्या दुखण्यासाठी आलेल्या. त्यांचा नेहमीचा दवाखाना बंद होता म्हणून इथं. त्यांनी पदर शबानाच्या नाकाला लावला आणि माझ्याकडं बघतच राहिल्या.

"तुमच्या ओठावर ह्या लाल टिकल्या कवापासनं हायेत?"

"लहानपणापासून," मी म्हटलं.

"माझ्या मालकांच्याबी हुत्या. त्यांच्या फुप्फुसात नसांचा गुंता निघाला. आमाला लई उशिरा कळलं, बाई. तुमी थांबू नका. पुण्याला जा. शिरेतनं बुडबुडं सोडून हृदयाची सोनोग्राफी करत्यात, तीच करा."

पुण्यात आम्हा दोघींची तपासणी झाली. डॉक्टरीण बाईंनी समजावलं की हे दुखणं रक्तातून, पिढ्यान्‌पिढ्या येतं. हातातून सोडलेले बारीक बुडबुडे फुप्फुसात अडायला हवेत. हृदयाच्या डाव्या बाजूला आले, तर मधे नसांच्या गुंत्यातून आडवाट आहे. त्याच वाटेनं एखादी गुठळी मेंदूपर्यंत जाते. अम्मीचं काय झालं असावं, ते मला तिथं उमगलं. माझ्या पडद्यावर डावी बाजू काळीच राहिली. शबानाच्या पडद्यावर ती पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली. मी मनात ओरडले, मला का नाही दिलंस? डॉक्टरीण बाई शांतपणे म्हणाल्या, "वेळेवर आलात. ही वाट बंद करता येते."

सीटी स्कॅन झालं, मांडीच्या शिरेतून नळी घालून ती वाट बंद केली. नाक आमचं अजून फुटतं. पण शबाना आता जिना न थांबता चढते. तिला पहिल्यांदा तशी वर जाताना पाहिलं आणि मी पायरीवर बसून रडले. त्या बाईंचा गुडघा, बंद दवाखाना, आमचा झालेला अपमान, यातलं काय काय अल्लाहनं पाठवलं होतं, याचा निवाडा मी करत नाही. फक्त त्याचे आभार मानते, शुक्र म्हणते.

मागच्या महिन्यात इंदापूरला खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं गेले. तिच्या मुलाचंही नाक फुटतं, नातीचंही. सगळ्यांची तपासणी करा म्हटलं, तर खाला म्हणाली, "गप बस. पोरींची लग्नं मोडतील. अल्लाहची मर्जी आसंल ते हुईल."

मी म्हटलं, "खाला, त्याची मर्जी कळायला आधी बघावं तर लागंल." ती तोंड फिरवून आत गेली. पूर्वी मी भांडण उकरून काढलं असतं. या वेळी उठले, चपला घातल्या. सांगणं माझ्याकडं होतं, ते सांगून झालं होतं; पुढचं मी त्याच्यावर सोपवलं. राग तेवढा सोडला नाही.

फाटकाशी पोचले तेव्हा मागून पावलं वाजली. खालाची सून होती, लेकीला कडेवर घेऊन. घराकडं एकदा वळून पाहत ती हळूच म्हणाली, "आपा, पुण्यात नेमकं कुठं जायचं?"