ट्यूडर खोलीतल्या माई

माईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आपल्या मुलाच्या घरावर टकटक करत होत्या. दारावर नव्हे, घरावर. नोव्हेंबरातली धुक्याची सकाळ होती. पाचवारी साडी, त्यावर मुलाचं फुगीर जॅकेट, कानांवरून मफलर, अशा अवतारात त्या बागेच्या कडेला उभ्या होत्या. भिंतीवरच्या काळ्या तुळईवर बोटाच्या पेराने ठोकायचं, कान लावायचा, पुढच्या तुळईकडे सरकायचं, असं चाललं होतं. मला कुंपणाजवळ थांबलेलं पाहून त्यांनी हात थांबवला.

"तू शर्मिला ना? हेमंतने सांगितलंय. ये, ठोकून बघ. आत काहीच नाही. टीव्हीच्या खोक्यात असतं ना तसलं थर्माकोल आहे, वरून काळा रंग." मग त्यांनी तो हात पदराला दोनदा पुसला, गोगलगायीला चुकून हात लागल्यावर पुसावा तसा.

हेमंत आणि रुचा आमचे शेजारी. इंगोलश्टाटपासून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या या गावात मराठी अशी आमची दोनच घरं. हेमंत आणि माझा नवरा दोघेही मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत. हेमंत-रुचाचा मुलगा बर्लिनला शिकायला गेला आणि रिकाम्या झालेल्या घरात रुचाने मन घातलं. ती एकदा इंग्लंडला फिरून आली होती. तिथली जुनी घरं तिच्या डोळ्यांसमोरून जाईनात. तिने एकेका खोलीला इंग्लंडच्या इतिहासातला एकेक काळ दिला. बैठकीची खोली जॉर्जियन, जेवणाची व्हिक्टोरियन, आणि मुलाची खोली ट्यूडर. बाहेरच्या पांढऱ्या भिंतींवरही तिने काळ्या तुळया ठोकून घेतल्या. आजूबाजूच्या साध्या बव्हेरियन घरांमध्ये ते घर नाटकाचा सेट चुकून रस्त्यावर राहिल्यासारखं दिसायचं.

आणि या ट्यूडर खोलीत माई येऊन राहिल्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर, मिरजेहून.

मिरजेत माईंची लाकडाची वखार होती. नवरा ऐन चाळिशीत गेल्यावर त्यांनी ती स्वतः चालवली. ट्रकवाल्यांशी भांडून, सुतारांना दमात घेऊन, अगदी परवापर्यंत. त्यामुळे लाकडाच्या बाबतीत त्यांचं नाक आणि जीभ दोन्ही तिखट होती. त्यांच्या नावडीच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या. साधं नापसंत असेल तर "मला बघवत नाही." त्याहून वाईट असेल तर "शिसारी येते." आणि अगदीच हद्द झाली तर आवाज खाली आणून, जणू एखाद्याचं गुपित सांगताहेत अशा सुरात, "ओकारी येते गं मला."

ट्यूडर खोली ओकारीच्या पायरीवर होती. पहिल्याच आठवड्यात रुचाने मला चहाला बोलावलं आणि आम्हा दोघींना घर दाखवलं. बिचारी मनापासून सांगत होती. "माई, ट्यूडर म्हणजे चार-पाचशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. तेव्हा घराचा सगळा सांगाडा लाकडाचा असायचा. त्याच्यावरच घर उभं राहायचं."

"आणि हे घर कशावर उभंय?"

"हे विटांवर."

"मग या तुळया काय करतायत वर?"

"शोभेला आहेत, माई."

माई छताकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे वळल्या. भिंतींना कमरेच्या वरपर्यंत ओकच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या पातळ फळ्या चिकटवलेल्या होत्या. लाकडाची छपाई केलेलं प्लास्टिकच ते. माईंनी एका गाठीवर बोट ठेवलं, वीतभर पुढे सरकवलं, पुन्हा वीतभर. "तीच गाठ. तीच. परत तीच. एका झाडाला एवढ्या सारख्या गाठी आल्या तर मी ते झाड वखारीत घेतलं नसतं. रोगट म्हणून परत पाठवलं असतं."

रुचा हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

त्या खोलीत चार खांबांचा, पडद्यांचा पलंग होता. माई पहिल्या रात्री त्याच्यावर चढल्या आणि सकाळी खाली उतरल्यावर गादी दारापाशी जमिनीवर टाकून मोकळ्या झाल्या. "पडद्यात झोपायला मी काय नवस बोललेय का?" बैठकीच्या खिडक्यांच्या काचांत चौकटीच्या पट्ट्या आतल्या आत अडकवलेल्या होत्या, जॉर्जियन खिडकी दिसावी म्हणून. "चौकट काचेच्या पोटात. म्हणजे पुसायची पण सोय नाही." विजेच्या शेकोटीत खोट्या ज्वाळा नाचायच्या. त्या नाचताना माई पाठ करून बसायच्या. पण सर्वांत मोठं वैर व्हिक्टोरियन सोफ्याशी होतं. जांभळा मखमली सोफा, जागोजागी बटणं खोल ओढून बसवलेली, खाली झालर. एका दुपारी माईंनी केसातला आकडा काढून एकेका बटणाचा खड्डा कोरला. निघालेला ऐवज त्यांनी वर्तमानपत्रावर मांडून मला दाखवला. बिस्किटाचा चुरा, केस, एक तुटलेलं नख, गोळीचं अर्धं पाकीट, आणि काय होतं ते ओळखू न येणारं चिकट काहीतरी.

"यावर पाहुणे बसतात," माई म्हणाल्या. "राणीसारखे."

माझं बाळ तेव्हा लहान होतं, मी रजेवर घरीच होते. माई रोज सकाळी आमच्याकडे यायच्या. आमचं घर साधं, सगळं फर्निचर खोक्यातून आणून घरी स्क्रू पिळून जोडलेलं. माझ्या टेबलालाही त्या नाकं मुरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टेबलाची कड नखाने खरवडली आणि विचारलं, "भुसा दाबून केलंय ना?"

"हो, माई. स्वस्तातलं आहे."

"असू दे. भुसा आहे, भुशासारखं वागतं. ते काय ओक असल्याचा आव आणत नाही." आणि त्यांनी कोपर टेकून चहा घेतला. त्या टेबलापाशी त्यांनी कितीतरी वेळा माझ्या बाळाला झोपवलं, भाजी निवडली, मिरजेच्या गोष्टी सांगितल्या. साग कापल्यावर वखारभर कसा तेलकट वास सुटतो, शिसवाचा भुसा घामाच्या अंगाला लागला की कसा खाजतो, हे सांगताना त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. किळस वाटणाऱ्या माणसाला आवडतंही तेवढंच खोल, हे मला माईंमुळे समजलं.

डिसेंबरात त्यांचं एक नवं पालुपद सुरू झालं. "खोलीत वास येतो."

"कसला वास?" हेमंतने विचारलं. तो चांगला मुलगा होता, पण आई आणि बायको यांच्यामध्ये तो नेहमी मोबाइलकडे बघत उभा असायचा.

"ओलं लाकूड सडलं की येतो तसला. पण इथे लाकूडच नाही. मग सडतंय काय?"

"आल्झो, म्हणजे बघ, माई, थंडीत इथे प्रत्येक घराला थोडा वास येतोच. ल्युफ्टन करायचं. सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडायची."

माई खिडकी उघडत राहिल्या, आणि रुचा खोलीत लॅव्हेंडरचा फवारा मारत राहिली. त्या दोन वासांच्या मिश्रणाची आठवण आजही मला नको वाटते. जानेवारी आला आणि माईंना खोकला लागला. कोरडा, खोल, थांबवता न थांबणारा. डॉक्टरांनी थंडीचा खोकला म्हणून औषध दिलं. रुचा मला कुंपणाजवळ भेटली तेव्हा रडवेली होती. "शर्मिला, त्यांना माझं काहीच आवडत नाही गं. मी वर्षभर खपून ती खोली केली. आता म्हणे सडका वास येतो. मी काय करू अजून?"

मला कुणाची बाजू घ्यावी समजेना. खरं तर तोपर्यंत मलाही त्या खोलीत जाववत नव्हतं, पण ते रुचाला सांगायची हिंमत नव्हती.

मग एका शनिवारी सकाळी माईंचा फोन आला. हेमंत आणि रुचा खरेदीला गेले होते. "जरा येतेस का? एकटीने करायला नको." मी बाळाला नवऱ्याजवळ देऊन गेले. माई ट्यूडर खोलीत उत्तरेच्या भिंतीसमोर उभ्या होत्या. हातात स्वयंपाकघरातलं उलथनं.

"माई, रुचाला विचारून करा ना."

"महिनाभर विचारतेय."

त्यांनी उलथन्याचं टोक दोन फळ्यांच्या सांध्यात घातलं आणि तिरकं दाबलं. वाटलं होतं जोर लागेल. पण ती फळी सुटली, जुन्या जखमेवरची पट्टी सुटावी तशी, ओली, चिकट आवाज करत. तिच्यामागे भिंत नव्हतीच असं मला क्षणभर वाटलं. काळं होतं सगळं. काळ्यावर हिरवट लव, लवेवर पाण्याचे थेंब, मधे मधे पिवळे पांढरे बुरशीचे गोळे, आणि गिलाव्याचा झालेला पिठासारखा लगदा. चंदेरी किडे प्रकाश पडताच सैरावैरा पळाले. वास तर अंगावर आला. मी तोंडावर ओढणी धरली. आणि सोफ्याच्या बटणाला शी म्हणणाऱ्या माई उलथनं हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

रुचा परतली ती थेट वरच आली. फळी जमिनीवर पाहून तिचा आवाज चढला. "माई, तुम्ही माझी भिंत फोडलीत?" पुढचं वाक्य तिला बोलता आलं नाही. भिंत दिसली होती. ती वळली आणि बाथरूमकडे धावली. आम्हाला तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. माई तिच्यामागे गेल्या, आणि मी दारातून पाहिलं, त्या खाली वाकून तिची पाठ चोळत होत्या, दुसऱ्या हाताने तिचे केस मागे धरून.

नंतर आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. हेमंत बाहेर कुणाला तरी फोन करत होता. रुचा पाण्याचा पेला नुसता फिरवत होती. मग म्हणाली, "माई, पुण्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो. दर काही वर्षांनी घर बदलायचं. इथे आलो तर इथेही आमचं जुनं असं काहीच नाही. आजीची पेटी नाही, कुणाची खुर्ची नाही. म्हणून जुनं विकत आणलं."

माईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या काहीतरी समजुतीचं बोलतील.

"ते खरंय गं," त्या म्हणाल्या. "पण ही घाणच होती."

रुचा रडता रडता हसली. माईही हसल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना.

त्याच आठवड्यात त्यांना इंगोलश्टाटच्या इस्पितळात ठेवावं लागलं. फुप्फुसांना सूज आली होती. तरुण डॉक्टरणीने पहिला प्रश्न विचारला तो झोपायच्या खोलीचा. हेमंतने तो माईंना मराठीत सांगितला नाही, स्वतःच खाली मान घालून उत्तर दिलं. भिंत तपासायला आलेल्या माणसाने कारण सांगितलं. बाहेरच्या तुळया बसवताना भिंतीत स्क्रू मारले होते, ती भोकं नीट बुजवली नव्हती. तिथून पाऊस आत जात होता, आणि आतल्या प्लास्टिकच्या फळ्या तो बाहेर येऊ देत नव्हत्या. "शिमेल," तो म्हणाला, म्हणजे बुरशी, आणि मान हलवत वर बघून पुन्हा म्हणाला, "शिमेल, शिमेल." हेमंत सवयीने "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि मग त्यालाच ते ऐकवलं नाही.

रुचाने माणसं लावली नाहीत. सुट्टी घेऊन, तोंडावर मास्क लावून तिने एकेक फळी स्वतः उपटली. माई इस्पितळातून परतल्या तेव्हा त्यांना त्या खोलीच्या आसपास जायला बंदी होती. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर शाल पांघरून बसायच्या आणि वर ओरडून सूचना द्यायच्या. "खालून वर ओढ. घाई करू नकोस. नाक झाकलंयस ना?" रुचा वरून "हो, माई" म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी मिळून काहीतरी करत होत्या. शिडी लावून बाहेरच्या तुळयाही काढल्या. अंगणात त्यांचा ढीग पडला तेव्हा एवढी लांब तुळई मी एका हाताने उचलली. वजनच नव्हतं.

सोफा मात्र राहिला. रुचाचा जीव होता त्यावर. माई जाईपर्यंत त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिल्या, आणि म्युनिकच्या विमानतळावर निघताना रुचाला जवळ घेऊन म्हणाल्या, "भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नकोस. आणि तो सोफा बघून मला अजून शिसारी येते, एवढं सांगून ठेवते." रुचा म्हणाली, "माहीत आहे, माई." दोघींचे डोळे भरले होते.

त्यानंतर दर रविवारी माईंचा मिरजेहून फोन यायचा. तब्येत विचारली तर टाळायच्या. बोलताना मध्येच खोकला यायचा आणि फोन दूर धरल्याचा आवाज यायचा. पण एक प्रश्न चुकायचा नाही. "भिंत वाळली का?" रुचा सांगायची, अजून नाही, खालचा भाग ओला आहे, तपासणारा परत येणार आहे. "मग थांब," माई म्हणायच्या. वसंत गेला, उन्हाळा आला, ती खोली उघडी बोडकी तशीच होती, मधोमध हवा सुकवायचं यंत्र घुरघुरत.

माई श्रावणात गेल्या. झोपेतच. मिरजेच्या डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. फुप्फुसांचं नाव कुणी काढलं नाही, आणि रुचाने विचारलं नाही. हेमंत एकटाच तातडीने गेला. त्या संध्याकाळी रुचा आमच्याकडे आली आणि माझ्या भुशाच्या टेबलापाशी बसली. चहा पुढे ठेवला तो तिने घेतला नाही.

"काल फोन होता," ती म्हणाली. "आवाज अगदी बारीक झाला होता. भिंत वाळली का विचारत होत्या. मी हो म्हटलं. छान वाळली म्हटलं."

ती आपल्या तळव्यांकडे बघत होती.

"वाळली नव्हती अजून."