मास्तरांची नजर

वसमतचे आमचे टेलर मास्तर समोर आलेल्या चहाकडेसुद्धा आधी संशयाने बघत. त्यांचा धंदाच चोरखिशांचा. हळद विकायला मोंढ्यात येणारे शेतकरी त्यांच्याकडून बंडीला आतून खिसा शिवून घेत.

मी त्यांना भेटलो तो खिसेकापू म्हणून. नव्वदीच्या अखेरीस, एकोणीस वर्षांचा असताना, बसस्टँडवर त्यांच्याच सदऱ्यात बोटं घातली आणि सापडलो. त्यांनी चौकीवर न नेता मला दुकानात आणून बसवलं. खिसा शिवून झाला की ते स्वतः बंडी घालत, आत घडीचा कागद ठेवत आणि म्हणत, "काढ." कागद माझ्या हाती आला की खिसा उसवायचा. हा म्हातारा मला राबवून घेईल आणि शेवटी पोलिसांना देईल, याची मला खात्री होती.

नमाजाला जाताना ते दुकानाला कुलूप लावत, मला बाहेर बाकावर बसवत आणि समोरच्या पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगत. "मापं धड लिहिता येत न्हाईत तुला," म्हणून त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून मला दहावीला बसवलं. मी पळेन म्हणून पेपर सुटेपर्यंत स्वतः फाटकाशी बसून राहिले. गणितात आपटलो. "काहून? मापं तर बराबर घेतोस," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या खेपेला पुन्हा फाटकाशी हजर. फार राग यायचा मला त्यांचा.

एकदा स्टँडवर कुणाचं तरी पाकीट मारलं गेलं आणि हवालदार थेट दुकानात आले. मास्तरांनी आधी स्वतःच माझे खिसे सगळ्यांदेखत उलटे केले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाले, "साहेब, सकाळपासून हे पोरगं मह्या नजरेखाली हाये. याच्यावरची नजर मी काढत न्हाई, तुमाला ठाऊक हाये." साऱ्या गल्लीलाच ते ठाऊक होतं. हवालदार गेले. तोवर मी दहावी पास झालो होतो, पण सुटलो त्या संशयी नजरेमुळे.

पुढे काही वर्षांनी मास्तर हजला निघाले. स्वतःच्या बंडीचा खिसा त्यांनी मला शिवायला दिला. शिवून दिला आणि "काढ" म्हणायची वाट पाहत उभा राहिलो.

"मास्तर, कागद घालून बघा की."

"काहून?" म्हणाले, आणि सदऱ्याची बटणं लावून, दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन बसमध्ये चढले. त्या दिवशी दुकानात पहिल्यांदा एकटा बसलो, काम सुचेना.

मास्तर वारून आता बरीच वर्षं झाली. दुकान मीच चालवतो. तरी स्टँडवर कुणाचं पाकीट गेलं असं कानावर आलं, की मी आधी माझेच खिसे उलटे करून बघतो.