मर्डोचा संयम

उना गेडिसनं डंडी शहरातल्या एका शाळेत जन्मभर पोरांना जेवण वाढलं. कोणी नाक मुरडलं तर त्याच्या ताटात खिमा-बटाट्याचा एक डाव जास्तच पडायचा. "उपाशी राहून कोणाचं भलं झालंय?" हे वर ऐकावं लागायचं ते वेगळंच.

निवृत्त झाल्यावर ती आपल्या मर्डोला, काळ्या लॅब्राडोरला घेऊन दर गुरुवारी मानसोपचाराच्या वॉर्डात पोरांना रमवायला जाऊ लागली. तिथली पोरं अन्नाला भ्यायची. हे लाड नव्हेत, खरीखुरी भीती आहे, हे उनाला पटायला अख्खा हिवाळा गेला.

ऐलसा सोळाची. नाकात अन्नाची नळी. डॉक्टरांशी बोलेना, आईकडे बघेना, पण मर्डोच्या कानाशी लागून पुटपुटायची. स्वतःच्या हातानं खाल्लं नाही तर तिची रवानगी दूरच्या मोठ्या इस्पितळात व्हायची होती. उनाला एवढंच हवं होतं, की या पोरीनं एक घास आपणहून खावा.

वॉर्डात जाणाऱ्या कुत्र्याचा पहिला धडा म्हणजे सांगितल्याशिवाय कशाला तोंड लावायचं नाही. जमिनीवर कोणाची औषधाची गोळी पडलेली असायची. उनाला मर्डोच्या या शिस्तीचा भारी अभिमान. एकदा तिनं त्याच्या पंजावर ओटचं बिस्किट ठेवलं.

"थांब."

मर्डो लाळ गाळत थांबला.

"शाब्बास. घे."

बिस्किट गट्टम. ऐलसा चक्क हसली. "मी सांगू त्याला?"

"सांग की. माझ्या नवऱ्याला नाही जमलं हे कधी. केक दिसला की संपलं."

मग दर गुरुवारी तोच खेळ. मर्डो ऐलसाच्या शब्दासाठी अधिकाधिक वेळ थांबू लागला. पोरगी खुलतेय, असं उना सगळ्यांना सांगत सुटली.

एका गुरुवारी रूरी नावाच्या नर्सनं तिला व्हरांड्यात गाठलं. "उनाबाई, ऐलसा हल्ली टोस्ट समोर घेऊन बसते."

"खाल्ला?"

"नाही. स्वतःलाच म्हणते, थांब. आणि मग शाब्बास."

उनाचे कान तापले. "म्हणजे मीच शिकवलं तिला."

"तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं होतं मला?" म्हणत ती खोलीत शिरली. कोट न काढताच तिनं मर्डोपुढे बिस्किट टाकलं. "घे, मर्डो. थांबायचं नाही आता. खा."

मर्डोनं बिस्किटाकडे पाहिलं, आणि मग ऐलसाकडे.

"सांग ना त्याला, बाळ."

ऐलसानं मर्डोचे कान कुरवाळले.

"अगं, भूक लागलीय त्याला."

"माहितीय मला," ऐलसा म्हणाली. "तरी थांबलाय. किती गुणी आहे बघा."

उनानं खाली वाकून बिस्किट उचललं, मोडलं, अर्धं तिच्यापुढे धरलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं. ऐलसानं तोंड फिरवलं. उना एकटीच चघळत राहिली.

सोमवारी ऐलसाला नेलं. ते दूरचं इस्पितळ कुत्र्यांना आत घेत नाही.