वरातीत जळलेलं तेल

पावणं, बसा जरा. घाई असंल तर परत कवातरी या, पण अर्धं ऐकून उठू नका. कारण हे मी आजपतूर कुणापाशी बोललेलो न्हाय. बायकोला न्हाय, तालमीतल्या जिवाभावाच्या गड्याला न्हाय. अंबाबाईम्होरं हात जोडून उभा राहिलो तरी डोळं मिटून दुसरंच कायतरी मागून आलोय. तुमी ओळखीचं न्हाईसा म्हणून तोंड उघडतोय — का उद्याची सकाळ जवळ आली म्हणून? काय की.

गोष्ट तेलाची हाय. मोटारीच्या इंजिनात घालतात त्या तेलाची. हसू नका. त्या तेलापायी एक माणूस आयुष्यातनं उठला.

सन सत्तरच्या सुमाराला मी आबासाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आबासाहेब म्हणजे तालेवार माणूस, शिरोलीला फौंड्री, वर शेतीवाडी. त्यांनी परदेशी गाडी घेतली. कोरी करकरीत, बोटीतनं मुंबईला उतरलेली. काळीभोर, लांबच्या लांब, आत बसलं की शिटात रुतायचं. कोल्हापुरात आणली त्या दिवशी चौकात लोकं सायकली आडव्या टाकून बघत उभी राहिलती. अन् चालवणारा कोण? मी! आमच्या गावात, मुरगुडात ज्याला कुणी 'बस' म्हणत न्हवतं, तो शंकर! छाती अशी फुगली होती म्हणता — शर्टाची बटणं राहिली हेच नशीब.

मालकांनी एकच बजावलं होतं. गाडी वरातीला द्यायची न्हाय. एकाला दिली की सगळ्या तालुक्याला द्यावी लागंल, म्हणायचे. खोटं न्हवतं ते. आमच्याकडं त्या वेळी कुणाच्या दारात नवी मोटार आली की भावकी, गल्ली, तालीम, सगळी दत्त म्हणून हजर. नवरा-नवरी मागच्या शिटावर, टपावर झेंडूच्या माळा, म्होरं बँड. अन् गाडी चालायची कशी? बँडवाल्याच्या पायानं. तो नाचला की थांबायची, तो सरकला की सरकायची.

मालक रेल्वेनं मुंबईला गेले की चार-सहा दिवस येत न्हवते. किल्ली माझ्याकडं. अशात तालमीतल्या एका गड्याच्या भैणीचं लगीन निघालं. तो म्हणाला, शंकरा, वरातीला गाडी काढ. मी म्हणालो, जमायचं न्हाय. तर कसा म्हणतोय, "व्हय बाबा, तुझी कुठं हाय गाडी? तू आपला हुकमाचा ताबेदार." सगळ्यांत बोलला. लागलं की हो काळजाला! काढली गाडी.

एकदा काढली की मग कोण थांबतंय? मंगळवार पेठेत एक, गंगावेशीत एक, कळंब्याच्या अंगाला एक. सगळी लगीनसराई अशी गेली. पैसा घेतला न्हाय मी — पण हे सांगून काय मी मोठा होत न्हाय. मला जे पायजे होतं ते मी घेतच होतो. बायका सज्जातनं वाकून बघायच्या, पोरं काचंला नाक लावायची, अन् मी गॉगल घालून एका हातानं स्टेरिंगचं चक्र धरून बसायचो. नवऱ्याला सुदिक कुणी एवढं बघितलं नसंल.

अन् कळणार कुणाला? मीटर बघून काय कळतंय? दोन-दोन तास इंजिन चालू, गाडी पहिल्या गिअरात, अन् वाट जेमतेम मैलभर. पाकळ्या झाडायच्या, टप पुसायचा, की झालं.

पण इंजिनाला कळत होतं.

आता दस्तगीरचं सांगतो. दस्तगीर फौंड्रीतला मिस्त्री. ट्रक, जीप, मालकाच्या मोटारी, सगळं त्याच्या हाताखाली. लई तोंडाळ माणूस. शिवीशिवाय वाक्य पुरं व्हायचं न्हाय त्याचं, मालकाम्होरं सुदिक जीभ चावून चावून बोलायचा. अन् माझा जिगरी दोस्त. दुपारी आमचा डबा एक. त्याच्या घरची बिर्याणी, माझ्या घरची झुणका-भाकरी, मधी पेपर टाकून.

आठवड्याला तो गाडीचं बॉनेट उघडायचा, तेल मोजायची पट्टी ओढायचा अन् बोंब ठोकायचा. पट्टी कोरडी! परत तेल ओतायचा. तेलाचे डबे त्याच्याच ताब्यात, कपाटाची किल्ली त्याच्याच कनवटीला. डबे लागले भराभरा संपायला. मालकांच्या कानावर गेलं. एवढी भारी गाडी, ती बी नवी, अन् तेल पित्या? कसं शक्य हाय? त्यात दस्तगीरच्या मेव्हण्याचा एक ट्रक होता. मग काय, तेल तिकडंच जातंय हे लोकांना शिकवावं लागत न्हाय.

एका सकाळी मालकांनी आमा दोघांना फौंड्रीच्या आवारात बोलावलं. दस्तगीर तावातावानं बोलत होता. "मालक, ही गाडी कुठंतरी रांगत फिरत्या. नव्या इंजिनाला सुरवातीला वझं लागतंय, मोकळा रस्ता लागतोय. नुसती तासन्‌तास रांगवली तर आतल्या पिस्टनच्या रिंगा नीट बसत न्हाईत, तेल वर चढून जळतंय. धूर बघा की मागं, निळा हाय!"

बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर.

मालक माझ्याकडं वळले. शंकर, गाडी कुठं फिरत्या काय रं?

हितं मला जरा थांबू द्या, पावणं. मी ह्या जागंवर लई वेळा येऊन परत गेलोय. 'व्हय' म्हणायला काय लागत होतं? नोकरी गेली असती. गेली असती तर गेली असती, दुसरा ट्रक धरला असता. पण ती गाडी गेली असती ना हातातनं. मी परत कुणीच राहिलो नसतो.

"न्हाय मालक. बंगला, फौंड्री, अन् बिद्रीचा साखर कारखाना. मोकळा रस्ता गावला की पळवतोच की." एवढं बोललो. शेवटचं वाक्य कुणी मागितलं बी न्हवतं. ते मी आपलं पदरचं घातलं.

दस्तगीर मला फाडून खाईल असं वाटलं होतं. आईच्यान सांगतो, मी वाट बघत होतो त्याची. तर त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं अन् खालच्या आवाजात म्हणाला, "शंकर म्हणतोय तर मग माझंच चुकलं असंल." म्हणजे माझ्यावर शकच न्हाय! त्यानं स्वतःच्या कानावर, स्वतःच्या हातावर शक घेतला. दुपारपतूर त्याला काढला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक. पण इंजिन आधीच बिघडलं होतं, तेल तर कमी होतच राहिलं. आता दस्तगीर न्हाय, मग तेल कोण नेतंय? परत इचारपूस झाली असती, त्याचं नाव धुऊन निघालं असतं. ते मी होऊ दिलं न्हाय. मी माझ्या खिशातनं तेल आणायचो अन् सकाळी कुणी यायच्या आत ओतायचो. पट्टी कायम ओली. मालक म्हणाले, बघ, चोर गेला अन् तेल टिकलं. अन् मी मान हलवली. पावणं, पहिलं खोटं मी भिऊन बोललो म्हणंन. ह्याला काय म्हणू? हे तर रोज सकाळी उठून, तोंड धुऊन करायचो.

वराती मात्र बंद केल्या. तोंड उचलून त्या चक्राम्होरं बसवंना.

दस्तगीरनं शिरोली फाट्याजवळ ताडपत्रीखाली काम मांडलं. मी ट्रकवाल्या ड्रायव्हरांना तिकडं धाडायचो. माणूस हातानं देवच, त्यामुळं काम वाढलं. पण फक्त जुने ट्रक अन् ट्रॅक्टर. तोंडबी मऊ झालं त्याचं. एकदा मी तितं चहा पीत बसलोतो, तवा एक डॉक्टर नवी कोरी गाडी घेऊन आले. तक्रार तीच, तेल खात्या. दस्तगीर इंजिनावर वाकला. कान दिला. चेहरा असा उजळला त्याचा! ओठ हलले. अन् मग हात पुसून मागं सरला. म्हणाला, "डॉक्टर, नव्या गाडीचं मला न्हाय कळत. दुसरीकडं न्या." मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. नोकरी न्हवती घेतली मी त्याची. ती कुणीबी दिली असती. मी त्याचा कान घेतला होता.

अन् तिथंबी गप बसलो. व्हय, तिथंबी.

आता इतक्या वर्षांनी पक्की शेड बांधलीय त्यानं. पत्रा, फरशी, खाली उतरून काम करायला खड्डा, सगळं. थोरल्या पोरानं नव्या गाड्यांची कामं धरायची ठरवलंय. "पोरगं बघंल, मी लांबनं बघीन," म्हणतोय. उद्या सकाळी शेडच्या मुहूर्ताला फातिहा होणार अन् मग नारळबी फुटणार, आमच्याकडं दोन्ही चालतंय. परवा घरी आला. म्हणाला, "नारळ तुझ्या हातानं. मी पडलो तवा तू गिऱ्हाईक धाडलंस, शंकरा, तुझ्यामुळं उभा राहिलो." आबासाहेबांनाबी आवतण दिलंय, हात जोडून. ते येणार हाईत.

तो गेला अन् मी लई वेळ दारात उभा होतो. भ्यालो व्हय. पण खरं सांगू? लई वर्षांनी बरं बी वाटलं. कारण मला पहिल्यांदा कळलं की त्याचं जे मी नेलंय ते अजून माझ्याकडं शाबूत हाय. परत देता येतंय. साठी आली तरी त्याचे हात चालतात, कान चालतो. उद्या पोराच्या बरोबर तो स्वतः नव्या इंजिनावर वाकू शकतो. वाकंल. ज्याचा चेहरा त्या दिवशी तसा उजळला, तो वाकल्याशिवाय राहील व्हय?

माझं काय होईल ते होईल. मालक काय बोलतील, तालीम काय बोलंल, माझी बायको किती दिवस जेवायला वाढणार न्हाय, ते बघू. मी भ्यालो होतो, तरणा होतो, असलं कायबी म्हणणार न्हाय. माफीबी मागणार न्हाय. मागितली की त्याला द्यावी लागंल, अन् तो देणारा माणूस हाय.

नारळ माझ्या हातात दिला की मी तो तसाच धरून उभा राहणार. आबासाहेब खुर्चीत असतील, फाट्यावरचे ड्रायव्हर असतील, त्याची पोरं-सुना असतील. सगळ्यांच्या देखत बोलणार — दस्तगीर, तू बरोबर होतास. गाडी रांगत होती. मी रांगवत होतो.

मग तो नारळ माझ्या हातात ठेवायचा का काढून घ्यायचा, ते त्याचं तो बघंल.