निरोप देऊन घेतलेलं पाणी

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात आरोग्यसेवक होतो. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटलीत भरून तपासणीला पाठवायचं, हे माझं एक काम. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मीही त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही.

एका गावात बौद्धवस्तीची विहीर ओढ्याला लागून होती. वस्तीनं हातपंप मागितला होता. पाणी दूषित ठरलं तर पंप मंजूर, असा नियम. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

मी आदल्या दिवशी सरपंचांना निरोप धाडायचो. न सांगता गावात शिरायचं, चहा न घेता परस्पर विहिरीवर जायचं, हे आमच्याकडे उद्धटपणाचं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ब्लीचिंग पावडरचा उग्र वास यायचा. गाव किती दक्ष, म्हणून मला बरं वाटायचं. अहवाल दर वेळी 'पिण्यास योग्य'. प्रयोगशाळेनं मी दिलेलं पाणी प्रामाणिकपणे तपासलं होतं.

एका उन्हाळ्यात वस्तीतल्या एका गरोदर सुनेला कावीळ झाली. तिला बारामतीला हलवलं. ती वाचली, पोटातलं बाळ गेलं. मी वस्तीवर भेटायला गेलो तेव्हा तिची सासू दारात बसली होती.

"विहिरीत पावडर कधी टाकतात?" मी विचारलं.

"तुमी येनार असला की. पंचायतीचा शिपाई सकाळीच टाकून जातो. येरवी कोन फिरकत न्हाय हितं."

मला स्वतःची लाज वाटली. दूषित शेरा आला की ठपका ग्रामपंचायतीवर, आणि निवडणूक तोंडावर. मला हे आधीच कळायला हवं होतं. आठवड्यानं मी निरोप न धाडता गेलो आणि बाटली भरली. अहवाल आला, 'पिण्यास अयोग्य'.

तो घेऊन तालुक्याला आरोग्य अधिकारी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी जुने अहवाल काढले.

"इतके सगळे चांगले आणि हा एकच वाईट? बाटली नीट धुतली नसेल तुम्ही."

"आधी सरपंच पावडर टाकून ठेवायचे, साहेब. त्यांना मी येणार हे माहीत असायचं."

"पण इथं प्रत्येक फॉर्मवर छापलंय, नमुना अचानक भेटीत घेतला. खाली सही कुणाची?"

सही माझीच होती. साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि काय ते लिहून द्या म्हणाले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

बाटली नीट धुतली नव्हती, असं मी लिहून दिलं.