मिनिटाची वाटी

एकशे चाळीस म्हणजे किती, हे नागूबाईला सांगता आलं नसतं. पण सात विसा म्हटलं, की तिला कुणी फसवू शकत नव्हतं. धनगराच्या घरी जन्मली, धनगराच्याच घरी दिली. मेंढरं आत घेताना विसाविसानं मोजायची आणि दर विसाला एक बोट मिटायचं, हे ती कळत्या वयापासून करत आलेली. नवरा सिदू गेल्यावर मेंढरं दिरांकडं गेली. तिच्याकडं राहिलं सासूकडून आलेलं सुईणपण. भूमपासून तीन कोसांवरच्या त्या वाडीत तिशीच्या आतल्या प्रत्येकाच्या पाठीवर पहिला धपाटा तिचाच होता. त्यामुळं सरपंचालाही ती 'ए बाळ्या' म्हणून हाक मारी आणि सरपंच निमूटपणे ओ देई.

एवढा तोरा असलेली ही बाई गोरोबाच्या घरासमोरून जाताना मात्र मान खाली घालायची. गोरोबाची बायको अयोध्या दोनदा बाळंत झाली, आणि दोन्ही लेकरं न रडताच गेली. दोन्ही वेळा सुईण नागूबाईच होती. सकाळी पोटात ढुशा देणारं पोर दुपारी निळं पडून बाहेर आलं. मधल्या वेळात आत काय झालं, केव्हा झालं, हे कुणालाच कळलं नाही. गावानं अयोध्येच्या कुशीला बोल लावला. सासू शिवकांतानं सुनेलाही लावला आणि सुईणीलाही. नागूबाईला तिनं पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही. पहिल्या कळेपासून "दे जोर, दे जोर" करत त्या पोरीला उताणी पाडून दमवलं ते आपणच, ही आपल्या मनातली शंका नागूबाईनं कधी बोलून दाखवली नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी भूमच्या दवाखान्यात सुईणींचा वर्ग निघाला. शिकवायला नर्स चारुशीलाबाई. तुळजापूरच्या, भिक्षुकाची मुलगी, वय पंचविशीच्या आत. नागूबाई पहिले दोन दिवस नाक मुरडूनच बसली. हिला स्वतःला एक लेकरू नाही आणि ही आम्हाला बाळंतपणं शिकवणार! तिसऱ्या दिवशी चारुशीलाबाईंनी एका गरोदर बाईच्या पोटावर लाकडी नळी टेकवली आणि तिच्या वरच्या टोकाला नागूबाईचा कान लावला.

उखळात कुणी हलक्या हातानं घाईघाईनं कांडत असावं, तसा आवाज आला. तीस वर्षं बायकांच्या पोटावर हात ठेवणारी नागूबाई पोटातल्या माणसाला पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्ये आदी का न्हाय सांगितलं कुणी?" ती म्हणाली. जणू चारुशीलाबाईंचीच चूक होती.

"आता सांगतेय ना," चारुशीलाबाई म्हणाल्या. "बाळाचे ठोके मिनिटाला सहा विसांच्या खाली नकोत, आठ विसांच्या वर नकोत. कळ ओसरली की लगेच ऐकायचं. कमी भरले तर बाईला डाव्या कुशीवर करा, जोर द्यायला लावू नका आणि तडक मला गाठा."

विसा जमले, मिनिट काही जमेना. घड्याळातला बारीक काटा नागूबाईच्या डोळ्यांना दिसायचा नाही, आणि दिसला तर मोजणी चुकायची. बाकीच्या सुईणी पदराआड हसू लागल्या. चारुशीलाबाईंनी मात्र आपल्या वडिलांची आठवण काढली. मार्तंडशास्त्री लग्न लावायला जाताना एक तांब्याची वाटी घेऊन जात. तिच्या बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरायची आणि बुडाली की घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, भरली. त्या वाटीची एका मिनिटाची पोर करून घ्यायची, असं बाईंनी ठरवलं. तांबटानं तीन वाट्या वाया घालवल्या आणि तोंडानं बरंच काही पुटपुटला, पण चौथी बरोबर एका मिनिटात बुडू लागली. पितळी पातेल्यातल्या पाण्यात ती सोडायची. तळाला टेकली की टण्ण वाजायची. एक कान नळीला, दुसरा वाटीला. नागूबाईला डोळ्यांची गरजच उरली नाही.

"शंका आली, तर वाटीवर स्वतःची नाडी मोजून बघा," बाईंनी बजावलं. "साडेतीन-चार विसा भरली, तर वाटी खरी."

वर्षभरात वाडीत अकरा बाळंतपणं झाली आणि अकराही लेकरं रडली. एकीला वेळेवर भूमला नेलं म्हणून ती वाचली. मग बायका मिनिटाच्या वाटीला पाचवीच्या पूजेत सटवाईशेजारी बसवू लागल्या. नागूबाई वरवर "कशापायी गं" म्हणायची आणि आतून फुलायची. घरी नेल्यावर वाटी चिंचेनं घासून ठेवायची, एवढं भान तिला होतं.

अशात अयोध्येला तिसऱ्यांदा दिवस गेले. ज्वारीच्या काढणीत, एका सकाळी, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. शिवकांता परंड्याहून दुसरी सुईण आणायच्या विचारात होती. अयोध्येनं एकच सांगितलं, "नागूआत्यालाच बोलवा. त्यांना ल्येकरू ऐकू येतंय."

नागूबाई आली. पहिल्यांदा ऐकलं, सात विसा. दोन कळांनंतर पुन्हा सात. या खेपेला उताणी पाडणं नाही, जोराची घाई नाही. उलट अयोध्येला धरून ती अंगणात चालवत होती. शिवकांता हे सगळं बघत होती. ऊन अंगणात आलं तसा तिचा चेहराही उजळला. ती देवघरातून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली, ओल्या बोटांनी वाटीला आतून-बाहेरून हळदकुंकू लावलं आणि हात जोडले.

"नागू, मागचं इसर," ती म्हणाली.

दोन वर्षं या उंबऱ्याबाहेर काढली होती नागूबाईनं. पुजलेली वाटी लगेच धुवायची, म्हणजे या बाईनं पुढं केलेला हात झिडकारायचा. तिनं वाटी तशीच राहू दिली.

पुढं कळा जोरात आल्या. नागूबाईनं नळी टेकवली, वाटी सोडली. टण्ण झालं तेव्हा सातवं बोट जेमतेम मिटत आलं होतं. बरं आहे. पुढच्या कळेनंतरही तेच. आणखी एका कळेनंतरही तेच. आकडा चांगला होता, पण नागूबाईच्या मनाला काहीतरी टोचत होतं. नळीला टेकवलेल्या कानशिलात तिची स्वतःची शीर उडत होती, आणि आतलं लेकरू तिच्याच चालीनं चाललं होतं. एरवी म्हातारीचा एक ठोका पडेतो पोटातल्या पोराचे दोन पडतात. आज दोघं जवळपास बरोबरीनं निघाले होते.

तिनं वाटी पुन्हा पाण्यात सोडली आणि आपलं मनगट धरलं. एक बोट मिटलं, दुसरं, तिसरं, चौथं. वाटी तरंगतच होती. पाचवं. सहावं मिटलं तेव्हा कुठं टण्ण झालं.

सहा विसा! ही पोटातल्या पोराची चाल झाली, साठीच्या बाईची नव्हे.

तिनं वाटी उचलून उन्हाकडं धरली. बुडातून उजेडाचा ठिपका दिसायचा, तो दिसला नाही. कुंकवाचा लगदा भोकात बसला होता. गोठ्याच्या कुंपणाचा बाभळीचा काटा मोडून तिनं भोक मोकळं केलं, वाटी धुतली आणि पुन्हा नळीला कान लावला. साडेचार विसाच भरले.

वाटी चुकली म्हणून अंगणात जमलेल्या काढणीच्या बायकांसमोर सांगायचं, तर वर्षभराची अब्रू जाणार होती. न सांगता गाडी काढली असती, तर शिवकांतानं अडवली असती. तिनं सांगून टाकलं.

"वाटी खोटी बोलत व्हती. कुंकू बसलं भोकात, आन् म्या धुतली न्हाय. चूक माजी हाय. ल्येकरू आत दमलंय, पर जितं हाय. गोरोबा, गाडी जुप."

"वाटंत बाळंत झाली म्हंजी?" शिवकांता पांढरीफटक पडली होती.

"झाली तर म्या हाय. हितं बसलो तर मागल्यावानी व्हईल. मागलंबी माज्याच हातनं झालं, शिवकांता. तिची कूस चांगली हाय."

शिवकांता घरात गेली आणि गाडीत अंथरायला गोधड्या घेऊन आली.

अयोध्या डाव्या कुशीवर निजली, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. "जोर दिऊ नगं, पोरी, नुसती धापा टाक," म्हणत नागूबाईनं तीन कोस तिला आवरून धरलं. बैलगाडीत वाटी तरंगणार कशी? मग शिवकांतानं नागूबाईचं मनगट धरलं आणि तिची नाडी मोजायला घेतली. चार विसा झाले, म्हणजे मिनिट भरलं, की ती "झालं" म्हणायची आणि नळीला कान लावलेली नागूबाई आपली मिटलेली बोटं बघायची. पाच. पुढं साडेपाच. कुशीवर घेतल्यानं लेकराला जरा बरं वाटत असावं. पण सहावं बोट काही मिटेना.

दवाखान्यात नाळेचे दोन वेढे निघाले मानेभोवती. डॉक्टरांनी चिमटा लावून लेकरू बाहेर काढलं. मुलगी होती, ढिली आणि निळसर. चारुशीलाबाईंनी तिचं नाक-तोंड साफ केलं, अंग खसखसून पुसलं, तोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकर घातली. दाराबाहेर दोन म्हाताऱ्या एकमेकींचं मनगट धरून बसल्या होत्या. मोजत कुणीच नव्हतं.

आतून रडणं आलं. आधी मांजरासारखं बारीक, मग चांगलं रागावलेलं. शिवकांता मोठ्यानं रडू लागली.

पाचवीला शिवकांतानं पाट्यावर सटवाई मांडली. वाटी तिथं नव्हती. ती तिनं स्वतः घासून, कोरडी करून नागूबाईच्या हातात दिली होती. वाटीच्या जागी बाभळीचा एक काटा ठेवला होता आणि त्याला बोटभर कुंकू होतं. पुढं वाडीत तीच रीत पडली. कुठल्या घरी कळा सुरू झाल्या, की नागूबाईला बोलवायला येणारा माणूस येताना बाभळीचा ताजा काटा घेऊन यायचा.

पूजा झाल्यावर नागूबाई अयोध्येजवळ टेकली. शेजारी मुलगी झोपली होती.

"त्या दोगांचं..." नागूबाई म्हणाली. "म्या तवा ऐकलं असतं तर..."

अयोध्येनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. मग तिनं हात पुढं केला. "नळी द्या, आत्या. मलाबी ऐकू द्या."

नागूबाईनं मुलीच्या छातीवर नळी हलकेच टेकवली. अयोध्येनं वाकून कान लावला आणि डोळे मिटले. तिचं एक बोट मिटलं, मग दुसरं. तिसऱ्या बोटाशी तिची मोजणी चुकली, तरी तिनं कान उचलला नाही.